आंबा घाटात दम तोडणारी गाडी: इंजिन खोलण्याआधी काय मोजाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २००७ ची पेट्रोल वॅगन आर, चार सिलिंडरचं १०६१ सीसीचं इंजिन, मीटरवर १,१२,००० किलोमीटर. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरपा सोडलं की आंबा घाटात गेले तीन महिने गाडी ओढतच नाही. पूर्वी तिसऱ्यावर चढायची, आता दुसऱ्यावरसुद्धा मागून एसटीवाला हॉर्न मारत राहतो. सपाटीला साठ-पासष्टच्या पुढे काटा जात नाही. सकाळी पहिले दहा-बारा किलोमीटर बरी चालते, मग ढिली पडते. उभ्या गाडीत इंजिन गुळगुळीत. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, टेम्परेचर वाढत नाही. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि शेवटी टाकीतला पंप, एवढं बदलून झालं, फरक काही नाही. स्कॅनर लावला, त्यात फॉल्ट नाही. आता गॅरेजवाले म्हणतात इंजिन थकलंय, रिंगा-पिस्टन टाकून घ्या.

इतक्यात इंजिन खोलू नका. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, गेलेलं इंजिन ऑइल खातं, रेस केल्यावर निळा धूर सोडतं, सकाळी सेल्फला कुरकुरतं, आणि ऑइल भरायचं झाकण काढलं की आतून फुसफुस वारा मारतं. यातलं एकही लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय झिजलेल्या इंजिनाची ताकद वर्षा-दोन वर्षांत हळूहळू जाते. इतकी हळू, की मालकाला कळतही नाही. दुसरा कुणी चालवायला बसला की तोच विचारतो, अहो ही ओढत का नाही? तुमची गाडी तीन महिन्यांत बसली. हे झिजेचं काम नाही.

तुमच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे: मागच्या पावसाळ्यात गाडी दोन महिने मिस मारत होती (म्हणजे एका सिलिंडरमध्ये जाळ चुकत होता), मग प्लगची एक केबल बदलली आणि ते थांबलं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वाक्यात आहे. पण ते शेवटी सांगतो, कारण आधी जे तपासायचं ते तपासल्याशिवाय माझाही अंदाज म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्यासारखाच, नुसता अंदाज.

पहिला प्रश्न: ताकद खरंच इंजिनातच कमी आहे का? गाडी ओढत नाही म्हटलं की सगळे बॉनेट उघडतात. पण इंजिनाने दिलेली ताकद चाकापर्यंत पोचायला हवी आणि पोचल्यावर ब्रेकने खाऊन टाकायला नको. कोकणातल्या गाड्यांत हे मी कायम बघतो. हँडब्रेकची केबल आत गंजते, ओढल्यावर परत मोकळी होत नाही, मागच्या ड्रममधले शू अर्धवट धरून राहतात. पुढच्या कॅलिपरच्या पिना सुकतात आणि पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. दहा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एखाद्या चाकाची धग बाकीच्यांपेक्षा वेगळी लागली तर चोर तिथे आहे. ब्रेक तापले की आणखी धरतात, त्यामुळे ‘आधी बरी, मग ढिली’ हे लक्षण इथेही बसतं. हलक्या उतारावर न्यूट्रलला गाडी आपोआप सुटते का तेही बघा.

मग क्लच. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ऍक्सिलेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज झपकन चढला आणि गाडीचा वेग मात्र रेंगाळला, तर क्लच प्लेट घसरतेय. आरपीएमचा काटा नसला तरी कान पुरतो. आवाजही चढत नाही आणि वेगही चढत नाही, असं असेल तर क्लच निर्दोष, इंजिनच कमी पडतंय. तुमचं वर्णन वाचून मला दुसरा प्रकार वाटतो, पण करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट, हसू नका. इंजिन बंद ठेवून एकाला आत बसवा, ऍक्सिलेटर तळाला दाबायला सांगा, आणि तुम्ही बॉनेट उघडून थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा. या वयाच्या गाड्यांत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत साधी तारेची केबल असते. ती सैल पडते. कधी पेडलच्या खाली अडथळा असतो. माझ्याकडे एकजण दोन गॅरेज फिरून आला होता. दिवाळीत नवीन जाड मॅट टाकली होती आणि पेडल तिच्यावरच टेकत होतं. मॅट काढली, गाडी पळाली. पैसे काय घ्यायचे हाच प्रश्न पडला.

एवढं झाल्यावर इंजिनाकडे या. मी १९९१ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हाताखाली लागलो. तिथे ऑइल इंजिनं आणि लेथ यांच्यातच वाढलेले उस्ताद. ते म्हणायचे, इंजिन म्हणजे पंप आहे रे, हवा ओढतो आणि बाहेर फेकतो, मधल्या मध्ये जाळ होतो. ताकद गेली की चार गोष्टींतली एक अडलेली असते: हवा आत येणं, पेट्रोल पुरेसं मिळणं, ठिणगी वेळेवर आणि जोरात पडणं, दाब टिकणं. पाचवी त्यांनी नंतर शिकवली, कारण ती सगळ्यांच्या ध्यानातून सुटते: जळलेला धूर बाहेर जाणं. बाहेर जायला वाट नसेल तर आत येणार कुठून?

आता तुमच्या स्कॅनरबद्दल. आपल्याकडे गाडीत ओबीडी, म्हणजे स्वतःचा बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा, असण्याची सक्ती बीएस-४ (प्रदूषणाचे चौथ्या टप्प्याचे नियम) गाड्यांना एप्रिल २०१० पासून आली आणि ओबीडी-२ ची एप्रिल २०१३ पासून. तुमची गाडी त्याआधीची. तिचा कॉम्प्युटर स्वतःच्या सेन्सरच्या तारा तुटल्या, शॉर्ट झाल्या, एवढंच नीट सांगू शकतो. सायलेन्सर तुंबला, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं, पेट्रोलचा दाब कमी पडला, यासाठी त्याच्याकडे डोळेच नाहीत. तेव्हा ‘स्कॅनरमध्ये काही नाही’ याचा अर्थ ‘गाडीत काही नाही’ असा घेऊ नका. नव्या पोरांची चूक इथेच होते. स्कॅनर गप्प बसला की पुढे काय करायचं ते सुचत नाही, मग एकेक भाग बदलत जायचं. तुमच्या खिशातून चार भाग गेले ते असेच. एकाही भागाआधी कुणी काही मोजलं होतं का?

मोजायचं म्हणजे कशाने? माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार म्हणजे व्हॅक्यूम गेज, इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारं. साधं घड्याळासारखं मीटर आणि एक रबरी नळी, हजार-बाराशेत मिळतं. थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवर (चारही सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवर) व्हॅक्यूमची एखादी छोटी नळी असते, तिथे ते जोडायचं. इंजिन गरम करून, एसी बंद ठेवून बघायचं.

निरोगी पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. इथे एक खाचखळगा आहे. दर हजार फूट उंचीला हा आकडा साधारण एक इंचाने उतरतो. रत्नागिरीत १९ दाखवणारं इंजिन कोल्हापुरात, साडेपाचशे मीटरवर, १७ च्या आसपास दाखवेल आणि त्यात बिघाड काही नाही. तसंच हवा विरळ झाल्याने इंजिनाची ताकदही हजार फुटांमागे साधारण तीन टक्के कमी होते. म्हणजे नव्यात साठ-पासष्ट अश्वशक्तीचं हे इंजिन घाटमाथ्यावर तीन-चार अश्वशक्ती तशीही गमावतंच. त्यात चार माणसं, सामान आणि एसी. ‘घाटात ओढत नाही’ या तक्रारीतला थोडा वाटा घाटाचाही असतो. पण दुसऱ्या गिअरवर रडायची वेळ त्याने येत नाही.

काटा काय सांगतो ते बघा. आकडा कमी, बारा-चौदा इंच, पण काटा स्थिर: टायमिंग, म्हणजे व्हॉल्व उघडण्या-मिटण्याची वेळ, मागे पडलंय. बेल्ट एक दात सरकला असेल, किंवा बेल्ट बदलताना खूण चुकली असेल. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. त्याचं काम झाल्या-झाल्या गाडी ढिली पडली असेल तर आधी तेच बघा. काटा ठरावीक वेळाने एकदा खाली टपकतो, परत वर येतो: एका सिलिंडरचा व्हॉल्व नीट बसत नाही किंवा तिथे जाळच होत नाही. काटा कमी आणि आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) वर-खाली: कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय, एखादी नळी चिरलीय किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय.

आणि आता तुमच्यासाठीची चाचणी. आयडलला आकडा घ्या. मग हळूच रेस वाढवून २५०० आरपीएमला धरून ठेवा, मिनिटभर. चांगल्या इंजिनात काटा आयडलइतकाच किंवा थोडा वर जाऊन तिथेच उभा राहतो. एक्झॉस्ट, म्हणजे जळलेला धूर बाहेर नेणारी वाट, तुंबलेलं असेल तर काटा आधी ठीक असतो आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत हळूहळू उतरायला लागतो, १८, १६, १४. बाहेर जायची वाट अरुंद, म्हणून जळलेला वायू सिलिंडरमध्येच साठत जातो आणि नव्या हवेची जागा खातो. हे एकदा बघितलं की माणूस विसरत नाही.

आयडलला मग हे का कळत नाही? हिशोब करा. १०६१ सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. चार हजार आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर ते मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा गिळतं आणि तेवढीच, तापून कितीतरी पट फुगलेली, बाहेर फेकतं. आयडलला झडप जवळपास बंद, तेव्हा याच्या दहाव्या हिश्शालाही जेमतेम पोचतं. बोळ निम्मी बुजली तरी सायकल आरामात जाते. ट्रक आला की कळतं. म्हणून तुमचं इंजिन उभं असताना गुळगुळीत आणि घाटात मेलेलं.

आता ती पावसाळ्यातली केबल. तुमच्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, गॅरेजच्या भाषेत कॅट. आत सिरॅमिकची वीट असते, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. इंजिनातून अर्धवट जळून आलेलं जे काही आहे ते तिथे पूर्ण जळतं. पण एक सिलिंडर मिस मारत असेल तर त्या सिलिंडरचं कोरं पेट्रोल आणि कोरी हवा दोन्ही थेट कॅटमध्ये जातात आणि जाळ तिथे होतो. वीट लालबुंद होते, तिची भोकं वितळून मिटतात, किंवा ती फुटते आणि तुकडे आडवे पडून वाट अडवतात. दोन महिने तुम्ही मिस मारणारी गाडी चालवलीत. केबल बदलली, मिस थांबलं, पण तोवर कॅटचं जे व्हायचं ते झालं होतं. त्यानंतर ती वीट थोडी थोडी मिटत गेली असावी. याला पुष्टी देणारं आणखी काही आठवतंय का? ड्रायव्हरच्या पायाशी नेहमीपेक्षा जास्त धग, कुजक्या अंड्यासारखा वास, गाडीखाली ठोकल्यावर डब्यात खडे हलल्यासारखा खुळखुळाट?

‘सकाळी बरी, मग ढिली’ यावरून मात्र एकदम निष्कर्ष काढू नका. तापल्यावर वायू फुगतो म्हणून तुंबलेलं एक्झॉस्ट जास्त अडतं हे खरं. पण थकलेला पेट्रोल पंपही तापला की कमी दाब देतो, इग्निशन कॉइलही तापली की फसवते. म्हणून दाब थेट मोजा. कॅटच्या आधी ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. तो काढला की १८ मिलिमीटरचं आटे असलेलं भोक मिळतं, त्यात अडॅप्टरने साधं प्रेशर गेज लावायचं. आयडलला सव्वा-दीड पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असायला हवं. मी सात-आठ पीएसआय दाखवणाऱ्या गाड्या बघितल्यात, त्याही चालत होत्या, म्हणजे रांगत होत्या.

गेजच नसेल तर गावठी उपाय आहे. सेन्सर काढून, त्याची वायर बाजूला नीट बांधून, भोक उघडं ठेवून गाडी सपाटीला एक-दोन किलोमीटर चालवा. तुंबलेल्या वायूला ती पळवाट मिळते. आवाज ट्रॅक्टरसारखा येईल, पण पिकअप एकदम परत आला तर निदान झालं. दोन गोष्टी सांभाळा. भोकासमोर वायर, पेट्रोलची नळी किंवा रबर येत नाही ना ते बघा, कारण बाहेर येतो तो जवळजवळ जाळच असतो. आणि काचा उघड्या ठेवा. तो वायू केबिनमध्ये साठला तर जीवावर बेततो. घाटात हा प्रयोग अजिबात नको.

कॅट निर्दोष निघाला, काटा उतरलाच नाही, तर पुढचा संशय पेट्रोलवर. पंप नवीन टाकला म्हणता, पण दाब कुणी मोजला? अशा गाड्यांत रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) साधारण अडीच ते तीन बार दाब लागतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. उभ्या गाडीत दाब बरोबर असणं पुरेसं नाही. गेज लांब नळीने बाहेर काढून काचेवर टेपने चिकटवायचं, आतून दिसेल असं, आणि चढावर पूर्ण थ्रॉटल मारून बघायचं. काटा तिथे पडला तर पंपाच्या तळाची जाळी तुंबली असेल, पंपाला वीज कमी मिळत असेल, किंवा नवा पंपच नकली असेल. बाजारात तसे भरपूर आहेत. मी पंपाच्या कनेक्टरवर चालू गाडीत व्होल्टेज मोजतो. बॅटरीपेक्षा व्होल्टभराहून जास्त तूट दिसली तर रिले किंवा अर्थिंगचा गंज शोधतो. समुद्राकाठच्या गाडीत अर्थिंग हा रोगच आहे.

पेट्रोलचाच विषय निघालाय तर इथेनॉलबद्दल, कारण हल्ली कुठलाही बिघाड त्याच्या नावावर टाकायची फॅशन आलीय. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के तूट. शांतपणे चालवताना तुमचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल थोडं वाढवतो. पण पूर्ण थ्रॉटलवर तो सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या कोष्टकानेच पेट्रोल देतो, आणि २००७ च्या गाडीचं कोष्टक २० टक्क्यांसाठी बनलेलं नाही. त्यामुळे चढावर मिश्रण थोडं कोरडं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, पडू शकतं. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून जाळीत आणतं, जुनं रबर मऊ करतं, आणि पाणी ओढतं. कोकणच्या दमट हवेत महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी म्हणूनच कुरकुरते. हे सगळं खरं. पण यातून गाडी थोडी मंदावते. साठवर अडकून बसत नाही.

ठिणगीबद्दल थोडंच. प्लगच्या टोकांमधल्या हवेचा दाब जितका जास्त तितकी ठिणगी उडायला वीज जास्त लागते. पूर्ण थ्रॉटलवर सिलिंडर गच्च भरतं, म्हणून कमजोर केबल सपाटीला चालते आणि चढावर मिस मारते. रात्री अंधारात बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून, केबलींवर फवाऱ्याने पाण्याचा हलका तुषार मारा, हात लांब ठेवून. कुठून निळी ठिणगी बाहेर उडी मारते ते दिसेल. आणि हो, एक केबल बदलली तर बाकीच्या तीन तेवढ्याच वयाच्या आहेत. चारचा संच घालायला हवा होता. नवा कॅट बसवण्याआधी तरी घाला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोही जळेल.

पीयूसीचा कागदही कामाचा आहे, जर त्या माणसाने नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तर. घातल्याशिवाय छापून देणारेही मी पाहिलेत. एचसीचा (न जळलेल्या हायड्रोकार्बनचा) आकडा जास्त म्हणजे कोरं पेट्रोल बाहेर येतंय, मिस मारतंय. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणजे मिश्रण दाट. दाट मिश्रणाचं आपल्याकडचं एक खास कारण: तुमच्या आधीच्या कुणा मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरचा व्हॉल्व, काढून फेकून दिलेला असतो, ‘गाडी तापणार नाही’ म्हणून. मग इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही, कॉम्प्युटर समजतो अजून थंडच आहे आणि पेट्रोल जास्त ओततो. प्लग काळे, ऍव्हरेज गेलं, ऑइलमध्ये पेट्रोल, आणि जास्तीचं पेट्रोल परत त्याच कॅटमध्ये. ‘टेम्परेचर वाढत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. काटा मध्यापर्यंत तरी येतो ना? तेवढं बघा.

कॉम्प्रेशन मी सगळ्यांत शेवटी सांगतोय, पण रिंगा-पिस्टनला हो म्हणण्याआधी ते मोजल्याशिवाय राहू नका. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशनचा कनेक्टर काढलेला, ऍक्सिलेटर तळाला दाबलेला, बॅटरी भरलेली. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं कॉम्प्रेशन खोटं कमी येतं आणि त्याच्यावर माणसांची इंजिनं उघडली जातात. तुमच्याकडे तसं झालंय म्हणत नाही, पण समोर उभे राहून बघा. अशा इंजिनात १६० ते २०० पीएसआय यावं, आणि चौघांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादं कमी आलं तर त्यात चहाचा चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व. शेजारशेजारची दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. चारही सारखेच कमी असतील तर आधी टायमिंगच्या खुणा जुळवून बघा, मग रिंगांचं नाव काढा. गाडीला कधी सीएनजी किंवा एलपीजी किट होतं का? कोरड्या गॅसवर व्हॉल्वची सीट लवकर खचते, टॅपेटचं अंतर संपतं आणि गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही. तसं असेल तर हेडचं काम निघेल, तरी पिस्टनला हात लावायची गरज नाही.

आता समजा माझा अंदाज बरोबर निघाला आणि कॅटच तुंबलेला आहे. कुणीतरी नक्की सुचवेल, आतली वीट फोडून काढू, पोकळ डबा परत लावू, पाचशे रुपयांत काम. मी करत नाही. पीयूसीत अडकतं हे एक. आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी आहे, नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, त्या तपासणीला तोंड द्यायचं ते तुम्हालाच. कंपनीचा कॅट महाग वाटला तर बाहेरचा चांगल्या दर्जाचा वेल्डिंग करून बसवता येतो, रिंगा-पिस्टनपेक्षा खर्च कमीच येईल. मात्र मोडीतला घेऊ नका. तो का मोडीत निघाला ते कुणी सांगत नाही. जुना कॅट मात्र फुकट सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम आहे, भंगारवाल्याला ते तुमच्या-माझ्याआधी माहीत असतं.

कॅट काढल्यावर त्याच्या मागचा सायलेन्सरही आडवा करून हलवून बघा. विटेचे तुकडे वाहत जाऊन मागच्या डब्यात अडकलेले असतात, आणि मग नवा कॅट टाकूनही गाडी तशीच राहते.

पुढचं काम कुणाकडून करून घ्याल त्यांना एवढं सांगा: मॅनिफोल्डचे नट आणि ऑक्सिजन सेन्सर सतरा-अठरा वर्षं तापून-गंजून एकजीव झालेले असतील. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवावं. सेन्सर थोड्या गरम इंजिनावर काढावा, थंडावर जोर लावला की आटे बरोबर घेऊन येतो. आणि मला तीन आकडे कळवा: आयडलचा व्हॅक्यूम, २५०० ला मिनिटभरानंतरचा व्हॅक्यूम, आणि मोजता आला तर सेन्सरच्या भोकातला दाब. आकडे रत्नागिरीत घेतले की कोल्हापुरात, तेही लिहा.